नऊ वर्षं एकाच बांधावरून फोटो काढतोय, आता बांधावरचा दगडच गेला. जागा परत कशी शोधू?

शिवारवाट (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण तो कळायला मागचं सगळं सांगावं लागणार म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

येळ्ळूर रोडच्या शिवारात एका बांधावर काळा दगड होता, गुडघ्याएवढा. २०१५ च्या जूनपासून महिन्यातून एकदा त्या दगडाला ट्रायपॉडचा एक पाय टेकवून मी एकच फोटो काढतो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोंड राजहंसगडाकडे. गेल्या महिन्यात गेलो तर गाडीवाट रुंद करताना बांध सपाट झालेला आणि दगड कुठंच नाही. कुणाची चूक नाही, वाट सगळ्यांनाच हवी होती, सुगीत ट्रॅक्टर अडकायचा. पण मी तिथं अर्धा तास नुसता उभा होतो, कुठं उभं राहायचं तेच कळेना.

आता मागचं.

आमचं घर मागावरचं. वडील हातमागावर साड्या विणायचे, घरात दिवसभर खटखट. कॅमेरा कुणाच्या बापजन्मात नाही. १९९४ साली मी सातवीत असताना गल्लीच्या टोकाच्या स्टुडिओत रविवारी कामाला जायला लागलो, काम काय तर प्रिंट धुणं. स्टुडिओवाले काका फार बोलायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला डार्करूममध्ये नेलं, दार लावलं, लाल बल्ब लावला आणि कोरा ब्रोमाइड पेपर डेव्हलपरच्या ट्रेत सोडून म्हणाले, हलवत राहा. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग केस आले, भुवया आल्या, शर्टाची गडद बाजू आली, आणि सगळ्यात शेवटी कपाळ आणि गाल. कुणीतरी अनोळखी माणूस पाण्यातून वर येऊन माझ्याकडं बघतोय असं वाटलं. तो पासपोर्टचा साधा फोटो होता. मंडळी, मला आजसुद्धा तो माणूस रस्त्यात भेटला तर ओळखू येईल.

मग हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनात टाकायचा, मग नळाखाली धुवायचा, हायपो राहिला तर वर्षा-दोन वर्षांत फोटो पिवळा पडतो म्हणून काका धुण्यावर फार कडक. संध्याकाळी जेवताना हाताला तो वास यायचा आणि आई ओरडायची.

त्या स्टुडिओत मला जे दिसलं ते अजून डोक्यातनं जात नाही. लोक यायचे हातात लग्नाचा जुना ग्रुप फोटो घेऊन, मागच्या रांगेत एखादी बाई उभी, तोंड नखाएवढं, आणि म्हणायचे एवढी मोठी करून द्या, आई गेली, दुसरा फोटोच नाही. काका त्या ग्रुपवरून कॉपी निगेटिव्ह काढायचे, मोठं करायचे, मग बारीक ब्रशनं टचिंग. डोळे उघडायचे, कुंकू लावायचे, पदर रंगवायचे. घरचे बघून रडायचे. आणि मी मागं उभा राहून विचार करायचो की ही खरंच अशी दिसत होती का? आयुष्यभर शेतात राबलेली बाई, आणि तिचा चेहरा आता काकांच्या ब्रशावर अवलंबून.

दहावीनंतर काकांनी त्यांचा जुना झेनिट कॅमेरा मला वापरायला दिला. अठ्ठावन्न एमएमची लेन्स, वजनाला वीट. मीटर बिघडलेला, त्यामुळे उजेड डोळ्यांनी ओळखायला शिकलो. कडक उन्हात एफ १६, म्हणजे लेन्सचं भोक बारीक, आणि शटर फिल्मच्या एएसएएवढं, म्हणजे फिल्मच्या वेगाच्या आकड्याएवढं, शंभराची फिल्म असेल तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, ढगाळ असेल तर एफ ८, सावलीत त्याहून उघडा. किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेऊन त्यांनी मला तासभर बसवलं होतं. १२०४ सालची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आत अंधार, छताला दगडात कोरलेलं कमळ. काका म्हणाले आधी डोळे बसू दे, तुला दिसायला लागलं की मग फिल्मला किती वेळ लागेल ते सांग. मी सांगितलं दोन सेकंद. ते म्हणाले आठ दे. आठचा आला, दोनचा नुसता काळा.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मी पहिला स्वतःचा रोल काढला. ज्यांनी बेळगावची मिरवणूक बघितली आहे त्यांना सांगायला नको, रात्रभर चालते, ट्रॉलीवर गल्लीतलीच पोरं मावळे झालेली, दिवे, धूर, ढोल. नरगुंदकर भावे चौकातनं पहाटेपर्यंत छत्तीसच्या छत्तीस काढले. दुसऱ्या दिवशी रोल डेव्हलप केला तर पूर्ण कोरा. फिल्मची जीभ स्पूलमध्ये अडकलीच नव्हती, मी रात्रभर एकाच जागी थांबलेल्या फिल्मपुढं शटर दाबत होतो. काका रागावले नाहीत. म्हणाले, पुढं ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते का बघायचं, फिरत नसेल तर रोल सरकत नाही. तेव्हापासून कुठलंही काम सुरू करताना माझी नजर आधी काहीतरी फिरतंय का ते बघते. आणि त्या रात्रीचे चेहरे मला सगळे आठवतात, बहुतेक कोरे राहिले म्हणूनच.

पुढं नोकरी उद्यमबागेत, फौंड्रीत. मधली बारा वर्षं घरातला कोडॅकचा केबी टेन हा साधा रोलचा कॅमेरा, वाढदिवस आणि बारशी, बास. २०१३ ला जुना कॅनन अकराशे डी हा डिजिटल कॅमेरा घेतला आणि मग सुटलोच. गोकाकचा धबधबा, वज्रपोहा, हलशीची देवळं, चोर्ला घाट, दर रविवारी पहाटे गाडी काढायची. दोन वर्षांत हजारो फोटो झाले आणि एक दिवस सगळे बघत बसलो तर लक्षात आलं, गोकाकचा माझा फोटो आणि इतर शंभर जणांचा फोटो यात मला स्वतःलाच फरक सांगता येईना. कठड्यावरची जागा तीच, घोड्याच्या नालेसारखा कडा तोच.

बायकोचं माहेर येळ्ळूर. महिन्यातनं एकदा जाणं होतंच. त्या जूनमध्ये पाऊस उघडला होता, भात नुकतं उगवून आलं होतं, मागं गड, आणि मी सहज त्या दगडापाशी थांबून एक काढला. जुलैत परत तिथंच थांबलो. मग ठरवलं की हेच.

२०१८ च्या दिवाळीत चाळीस प्रिंट काढून सासुरवाडीच्या सोप्यात जमिनीवर महिन्यावार मांडल्या. मला वाटलं होतं रंग बघून लोक खूश होतील, हिरवा, पिवळा, मग मसूर हरभऱ्याचा वेगळा हिरवा, मग नांगरट. चुलत सासरे आले, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांचंच शेत आहे ते. उकिडवे बसले आणि एकेक उचलून वाचायला लागले. वाचायलाच, दुसरा शब्द नाही. हे बघ जावई, ह्या साली धुळवाफ्यावर, पावसाआधी कोरड्या मातीत, पेरा झाला नाही, रोप लावलंय, ओळी बघ. इथं पिवळा पट्टा आहे ना, बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबलं होतं तेवढ्यात. ही बासमती, ही नव्हे, उंची बघ की. आणि मग एक २०१६ चा आणि एक २०१८ चा शेजारी शेजारी धरून गप्प झाले, बोटानं दाखवलं, पलीकडचा बांध दोन हात आत सरकला होता. ते दोन फोटो त्यांनी मागून घेतले आणि जमिनीच्या उताऱ्यासोबत ट्रंकेत ठेवले.

मी तीन वर्षं ते फोटो काढत होतो आणि त्यातलं मला काहीच दिसलं नव्हतं.

त्यानंतर माझं फोटो काढणंच बदललं. आधी मी आकाश कधी चांगलं होईल याची वाट बघायचो, आता तसं काही नाही, ज्या दिवशी गेलो त्या दिवशी जे आहे ते. २०१९ च्या ऑगस्टचा फोटो सगळ्यात देखणा आहे, शेतच नाही, सगळं पाणी, त्यात गड उलटा. मामांनी तो उलथा करून ठेवला, म्हणाले हा नको. मी तो कुठल्या प्रदर्शनाला पाठवला नाही आणि पाठवणार नाही. २०२० चा एप्रिल मोकळा आहे, लॉकडाऊन. आता डाव्या कोपऱ्यात बायपासच्या लाल मुरुमाची पट्टी आलीय, आणि २०२३ च्या मार्चमध्ये गडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तो डोंगराच्या कडेवर ठिपक्यासारखा दिसतो.

तर प्रश्न हा. दगड नाही, बांध नाही, जीपीएसवर दहा-पंधरा फुटांचा फरक पडतो. जुने शंभरावर फोटो आहेत. त्यांच्यावरनं ती जागा परत सापडेल का? कुणी असं केलंय का?

---

निपाणी_वळण

दादा, दोनदा वाचलं. जागेचं मला सांगता येणार नाही पण तुमच्या मामांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, माझ्याकडं कॅमेरा कधीच नव्हता, सगळं फोनवर. आमच्या गल्लीत बायका दारात बसून विड्या वळतात, सुपात पानं, मांडीवर तंबाखू. आई पण वळायची. दार पूर्वेला असलं की सकाळी नऊला जो उजेड आत येतो तो अर्धाच येतो, हातांवर आणि सुपावर पडतो आणि मागचं घर अंधारात राहतं. फोन तो अंधार उजळायला बघतो आणि हात पांढरे फट करून टाकतो. मग मी शिकले की हातावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, आणि मग बोट खाली ओढून उजेड कमी करायचा. एवढंच. पण त्यानं आईच्या बोटांवरचे तंबाखूचे डाग पहिल्यांदा फोटोत आले.

आईला दाखवला तर म्हणाली हे काय गं, तोंड कुठाय? मग तोंडाचा काढला. नवी साडी नेसून आली, भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. मला हाताचा प्रिय आणि तिला तो. दोन्ही फ्रेम केलेत, दोन्ही एकाच भिंतीवर.

---

कडोलीचा_पावणा

लै भारी लिहिलंय ओ. चित्ररथातला कोरा रोल वाचून पोटात गोळा आला, माझा पण गेलाय असाच एक, बहिणीच्या हळदीचा.

जागेसाठी फुली मारलेली खुंटी पुरून ठेवा पुढच्या वेळी.

---

घटप्रभा_काठ (गोकाक)

शिवारवाट, तुमच्या २०१९ च्या फोटोवरून लिहितो. आमच्या घरात त्या ऑगस्टमध्ये छातीएवढं पाणी होतं. चार दिवसांनी परत आलो तेव्हा कपाटातले अल्बम चिखलाचे गोळे झाले होते. आजोबांपासूनचे फोटो. पहिल्यांदा घरच्यांनी जे केलं तेच सगळे करतात, उन्हात वाळायला टाकले. एक थप्पी वाळली आणि एकमेकांना अशी चिकटली की सुटेचना, सुटली तेव्हा चेहरे समोरच्या फोटोच्या पाठीवर गेले.

मी जुना डार्करूमवाला, मला एवढं माहीत होतं की फोटोचा थर जिलेटिनचा असतो, ओला आहे तोवर फुगलेला आणि मऊ, पण सुटा. म्हणून बाकीचे सगळे परत स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात टाकले. गरम पाणी अजिबात नाही. आत पाण्यातच हळूहळू एकेक सोडवायचा, कडेला धरून, पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही, चिखल ब्रशनं घासायचा नाही, पाणी बदलत राहायचं. मग जुन्या धोतरावर तोंड वर करून सावलीत. जे तेवढ्या दिवसात सोडवायला जमले नाहीत ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि पुढं सवडीनं काढले, तेही वाचले.

काय टिकलं आणि काय गेलं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. स्टुडिओत केमिकलमध्ये धुतलेले कृष्णधवल जवळजवळ सगळे वाचले. रंगीत लॅबचे बरेच वाचले. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेले सगळे पुसले गेले, नुसते निळे-तांबडे ओघळ. चिकट पानांवर प्लॅस्टिक लावायचे ते अल्बम सगळ्यात वाईट, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. आणि निगेटिव्ह पट्ट्या धुऊन वाळवल्या तर नव्यासारख्या. ज्यांच्या घरात जुनी निगेटिव्ह आहेत त्यांनी कृपा करून ती टाकू नका.

गल्लीतल्या अकरा घरांचे अल्बम आम्ही असे धुतले. महिनाभर आमच्या माडीवर दोरीला आणि धोतरांवर सगळ्या गल्लीची लग्नं वाळत होती.

---

शिवारवाट

घटप्रभा काका, हे वाचून अंगावर काटा आला. तो उलथा ठेवलेला फोटो मामांना का बघवला नाही हे मला आज जास्त कळलं. निगेटिव्हचं बरोबर आहे, आमच्या स्टुडिओतली पोतीभर निगेटिव्ह काका गेल्यावर दुकान रिकामं करताना गेली, मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यात त्या ग्रुप फोटोतल्या सगळ्या बायका होत्या.

निपाणीच्या ताई, एका भिंतीवर दोन्ही फ्रेम, हे फार आवडलं.

---

जांबोटीचा_पाऊस

मी खानापूर तालुक्यात जंगलाच्या काठाला राहतो, घरामागं ओहोळ. माझं प्रेम बेडूक, साप, काजवे, जे रात्री येतं ते. मे संपता संपता पहिला वळीव झाला की काजवे चमकायला लागतात, तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून तीस-तीस सेकंदांचे एकामागनं एक काढायचे आणि नंतर एकावर एक चढवायचे. टॉर्च नाही, फोनचा पडदा नाही, अंधारात डोळे बसायला वीस मिनिटं जातात आणि एका टॉर्चनं सगळं परत सुरू. तुमच्या काकांनी कमल बस्तीत जे शिकवलं तेच.

एक गोष्ट मी मुद्दाम काढली नाही. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेलं. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं त्यामागं त्याचंही कारण होतं. मला लोक विचारतात तुझ्याकडं फोटो आहे काय. नाही. दिवसा झोपलेल्या थव्यावर फ्लॅश मारणं मला पटत नाही, आणि परवानगीशिवाय आत जायचंही नसतं. गावातला म्हातारा माणूस त्यांच्याबद्दल जे सांगतो ते मी वहीत लिहून घेतो.

आमच्याकडं खरा शत्रू बुरशी. कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते आणि एकदा काच खाल्ली की खाल्ली. माझी एक लेन्स अशीच गेली. तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणून सांगतात, ते करू नका, पीठ आत जातं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल, शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत. आणि चामड्याच्या बॅगेत लेन्स पावसाळाभर ठेवू नये, चामडं ओल धरतं.

---

माळावरचा_वारा (अथणी)

सगळं छान चाललंय पण एक बोलायचं होतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत पौर्णिमेला मी दोन-तीनदा गेलो. लांब लेन्स घेऊन आलेली माणसं, भंडारा उधळलेल्या बायकांचे फोटो लांबून ओढून घेतात, त्यांना कळतही नाही. मी पण काढले होते. पण विचारून काढायला गेलं की चेहरा बदलतो, ताठ होतो, मग त्यात काय राहतं? तुमचं काय मत आहे, विचारावं की नाही?

---

निपाणी_वळण

विचारावंच. माझ्या आईचा फोटो कुणी लांबून ओढून नेला आणि कुठंतरी छापला तर मला चालणार नाही, मग दुसऱ्याच्या आईचा का चालेल? जत्रेत ती बाई देवीकडं आलीय, आपल्याकडं नाही.

---

घटप्रभा_काठ (गोकाक)

ताईंशी सहमत, आणि ताठ चेहऱ्याचं सांगतो. चाळीस वर्षं ताठ चेहरेच काढले मी. लोक ताठ होतात कारण त्यांना आपण नीट दिसावं असं वाटतं, तो त्यांचा हक्क आहे. आधी तो फोटो काढा, त्यांना हवा तसा, आणि तोच त्यांना छापून द्या. मग लगेच निघू नका. पाणी मागा, बसा, पाऊस कसा आहे विचारा. दहा मिनिटांनी ती माणसं आपल्या कामाला लागतात आणि तुम्ही तिथं असता. आणि एखादीनं नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत घालायचा, गळ्यात ठेवायचा नाही. गळ्यात असला की तिला वाटत राहतं.

---

माळावरचा_वारा (अथणी)

पटलं. सौंदत्तीचे ते फोटो आज रात्री काढून टाकतो.

---

मोजणीवाला

शिवारवाट, मी भूमापनात होतो, आता रिटायर. तुमची जागा सापडते, नक्की सापडते, आणि जीपीएस लागत नाही. आमचं सगळं काम ह्यावरच चालायचं.

जुना फोटो मोठा करून कागदावर छापून न्या. त्यात अशी एक जोडी शोधा की जवळची एक वस्तू लांबच्या एका वस्तूवर बरोबर आलेली आहे. उदाहरणार्थ विजेचा खांब आणि त्याच्या मागं डोंगराचा ठराविक खाचा. शेतात जाऊन खांब त्याच खाच्यावर येईपर्यंत सरकायचं. नियम सोपा, जवळची वस्तू फोटोतल्यापेक्षा उजवीकडं दिसत असेल तर तुम्ही पण उजवीकडं सरका, डावीकडं दिसली तर डावीकडं. एक जोडी जुळली की तुम्ही एका सरळ रेषेवर आलात. पण रेषेवर पुढं-मागं कुठंही असू शकता.

म्हणून दुसरी जोडी, फोटोच्या दुसऱ्या टोकाची. ती पण जुळली की दोन रेषा जिथं छेदतात ती तुमची जागा, आणि एकच. दोन जोड्यांमधला कोन जितका मोठा तितकी चूक कमी. जवळची वस्तू जितकी जवळ तितकं बारीक कळतं, पाऊल सरकलं तरी दिसतं. नुसते लांबचे डोंगर जुळवून काही उपयोग नाही, ते शंभर पावलांवरनंही तसेच दिसतात.

उंचीला पण हेच. खांबाचं टोक मागच्या डोंगरावर जुन्या फोटोत जिथं लागतंय त्यापेक्षा वर दिसलं तर तुम्ही खाली आहात, ट्रायपॉड चढवा. बांध सपाट झालाय म्हणजे तुम्हाला चढवावाच लागणार.

आणि एक, झूम शेवटी. आधी जागा, मग झूम. झूमनं वस्तू लहान-मोठ्या होतात पण एकमेकींवरनं सरकत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये लेन्स कितीवर होती ते नोंदलेलं असतं, तेवढी लावा. खांब तरी आहे का अजून?

---

शिवारवाट

साहेब, खांब आहे! विहिरीवरची मोटारीची खोलीही आहे. उजवीकडं खोलीचा कोपरा जुन्या पाण्याच्या टाकीवर येतो, आत्ताच दहा-बारा फोटो उघडून बघितले, प्रत्येकात येतो. नऊ वर्षं बघतोय आणि हे कधी दिसलं नव्हतं. लेन्स चोवीस एमएमवर आहे सगळीकडं. रविवारी जातो.

---

कडोलीचा_पावणा

मी पण येऊ काय ओ? काठी धरायला कुणीतरी लागंल.

---

शिवारवाट

या की. पहाटे साडेपाचला तिसऱ्या रेल्वे गेटपाशी.

---

शिवारवाट

रविवार रात्र. जाऊन आलो, कडोलीचे पावणे आले होते, मामा पण आले.

आधी खांब आणि खाचा. मी माझ्या अंदाजानं जिथं उभा राहिलो होतो तिथनं खांब चांगला वीतभर उजवीकडं दिसत होता. उजवीकडं सरकलो, जुळला. त्या रेषेवर दोरी लावली आणि काठ्या रोवल्या. मग खोली आणि टाकी बघत दोरीवरनं मागं मागं. माझ्या मनात पक्कं होतं की दगड गाडीवाटेच्या अलीकडं होता. जोडी जुळली ती पलीकडं, सहा पावलं. मला वाटलं चुकलं काहीतरी, म्हणून वेगळ्या वर्षाचा फोटो घेऊन परत केलं, परत तिथंच. मामा लांबनं बघत होते, ते म्हणाले बरोबर आहे जावई, वाट रुंद केली तेव्हा सगळी ह्या अंगाला सरकली, तुझा दगड पलीकडंच होता. तुला वाट धरून आठवतंय म्हणून चुकतंय.

खांबाचं टोक वर जात होतं, ट्रायपॉड जवळजवळ दीड फूट चढवला तेव्हा बसलं. म्हणजे बांध तेवढा होता.

भात गुडघ्याला आलंय, ढग, गडावर धुकं, पुतळा दिसत नाही. सव्वासातला काढला. फोटोचा आकडा एकशे आठ. पावण्यांनी आणलेली लोखंडी खुंटी मामांनी स्वतः ठोकली, वरचं टोक जमिनीबरोबर, नांगराला लागू नये म्हणून.

निघताना मामांनी विचारलं, त्या पुराच्या सालचा फोटो अजून आहे काय तुझ्याकडं? म्हटलं आहे. म्हणाले पुढच्या खेपेला घेऊन ये, पाणी कुठवर आलं होतं ते नातवाला दाखवायचंय, तो तिथं मोटारीची नवीन खोली बांधायची म्हणतोय.